इंदूरचं पाणी आणि घरचा फिश टँक: नर्मदा, बोरिंग आणि बाकी भानगडी

टँकचं पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून ते चांगलंच आहे असं समजू नका, कारण मासे ज्याने मरतात तो अमोनिया डोळ्याला दिसत नाही. माशांची शी, उरलेलं खाणं, सडकी पानं या सगळ्यातून अमोनिया बनतो, तो खाणारे बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतात (तो पण विषारीच), मग दुसरे बॅक्टेरिया त्याचा नायट्रेट करतात जो थोडा असला तर चालतो. हे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजवर आणि खालच्या खड्यांवर राहतात आणि नवीन टँकमधे ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून रविवारी टँक आणला, संध्याकाळी दहा गोल्डफिश सोडले की पुढच्या रविवारपर्यंत निम्मे उलटे तरंगतात आणि मग लोक म्हणतात दुकानदाराने आजारी मासे दिले. कोणा ओळखीच्याचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमधे टाका, विरजणासारखं काम करतो, अर्धा वेळ वाचतो. तोपर्यंत दोन-तीनच मासे ठेवा.

आता आपल्या इंदूरचं बघू. इथे आधी हे माहीत करून घ्या की तुमच्या नळाला नक्की काय येतंय, नर्मदा का बोरिंग. नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर किलोमीटर पंप करून येतं आणि त्यात क्लोरीन असतो, बहुतेक भागात एक दिवसाआड येतं, आणि मधल्या दिवशी सोसायटीवाले टंकीत बोरिंग मिसळतात. म्हणजे सोमवारी बादलीत जे पाणी होतं ते मंगळवारी नसतंच. माशांना नेमकं हेच झेपत नाही. थोडं जड पाणी चालतं, थोडं हलकं पण चालतं, पण आज हे उद्या ते नाही चालत. बोरिंगचं पाणी आपल्याकडे जड असतं, गिझरमधे आणि बाथरूमच्या नळांवर तो पांढरा थर जमतो ना, तेच क्षार. गप्पी, मॉली, प्लॅटी अशा पाण्यात मस्त राहतात, डिस्कससारख्या हलकं पाणी लागणाऱ्या माशांच्या नादी लागू नका भिया, आरओचा खर्च आणि डोक्याला ताप. आणि निव्वळ आरओचं पाणी भरायचं असं पण नाही, त्यात क्षार जवळजवळ नसतातच, पीएच (पाणी किती आम्ल आहे त्याचं माप, घसरला म्हणजे आम्लपणा वाढला) कधीही घसरतो. उन्हाळ्यात उडून गेलेलं पाणी भरून काढायला मात्र आरओ चांगलं, कारण वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार खालीच राहतात आणि तुम्ही वरून परत बोरिंग ओतलं तर ते वाढतच जातात.

सोपा उपाय म्हणजे एक झाकणाची मोठी बादली फक्त टँकसाठी ठेवा, साबण-फिनाइल तिला कधी लागू देऊ नका. पाणी आलं की भरा, त्यात एअर पंपाची नळी सोडून २४ तास चालू ठेवा, साधा क्लोरीन उडून जातो, आणि बोरिंगच्या पाण्यात हवा कमी असते ती पण भरून निघते. घाई असेल तर दुकानात अँटिक्लोरीन मिळतं, बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाका. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त आला तर दोन्ही करा.

आठवड्यातून एकदा २०-२५ टक्के पाणी बदलायचं, बस. दोन फुटी टँकमधे (२४ बाय १२ बाय १२ इंच) साधारण ५५ लिटर बसतं, म्हणजे एक बादली काढायची, एक घालायची. काढताना सायफनची नळी खड्यांत घुसवून काढा, घाण तिथेच असते. हीटर आधी बंद करा, पाण्याबाहेर गरम राहिला तर तडकतो. काढलेलं पाणी फेकू नका, तुळशीला, मोगऱ्याला घाला, एक नंबर खत आहे. आणि ते सगळे मासे टबात काढून टँक सर्फने घासायचं काम कृपा करून बंद करा, आपल्याकडे दिवाळीच्या साफसफाईत हे हमखास होतं आणि भाऊबीजेपर्यंत टँक रिकामा. स्पंज पण नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा. फिल्टर २४ तास चालू, रात्री आवाज येतो म्हणून बंद करणाऱ्यांनी टँक हॉलमधे ठेवावा.

मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा खरी परीक्षा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि गरम आणि जास्त पीएचच्या पाण्यात तोच अमोनिया जास्त घातक होतो, म्हणजे बोरिंगवाल्यांना दुप्पट धोका. खाणं कमी करा, टँकवर छोटा पंखा लावा, लाइट सहा तासांवर नको. बर्फ टाकू नका. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर लगेच थोडं पाणी बदला आणि एअर पंप वाढवा. लाइट जाते त्यासाठी बॅटरीचा एअर पंप घेऊन ठेवा. जानेवारीत उलटं, गोल्डफिशला थंडी चालते पण गप्पी वगैरेंना २४ ते २६ डिग्री ठेवा, लिटरला एक वॉट या हिशोबाने हीटर घ्या.

मच्छरांचं लिक्विड मशीन टँकच्या खोलीत लावू नका, एअर पंप तीच हवा पाण्यात ढकलतो आणि त्यातलं औषध माशांना फार वाईट. झुरळांचा स्प्रे तर नाहीच नाही.

टेस्ट किट घ्याच, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या (म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅमच्या) खाली, जमलं तर वीस. नायट्रेट वाढत असेल तर मनी प्लांटच्या फांद्या टँकमधे मुळं बुडतील अशा लावा. नवीन टँकमधे पाणी दुधाळ झालं तर ते बॅक्टेरियाच आहेत, आपोआप जातं, हात लावू नका. हिरवं झालं तर लाइट किंवा खिडकीचं ऊन कमी करा.

खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. घरात आजी असेल तर हे अवघड आहे, "बिचारे उपाशी" म्हणून दर तासाला चिमूट पडतेच. लग्नाला पुण्याला चाललात तर शेजारच्या काकूंकडे डबा देऊ नका, एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्या, आणि दोन-चार दिवसांचंच जाणं असेल तर काहीच देऊ नका, मोठे मासे तेवढे आरामात काढतात.