१९११ पिस्तूल ओरखडा न पाडता कसं जोडावं

जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेलं .४५ बोअरचं पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलं आणि त्या सालानेच ते आजही ओळखलं जातं. अशी वापरातली पिस्तुलं पाहिली तर डाव्या बाजूला, स्लाइड स्टॉपच्या (वरचा सरकता भाग म्हणजे स्लाइड, तिला अडवणारा हा खटका) खाली, फ्रेमवर म्हणजे खालच्या सांगाड्यावर चंद्रकोरीसारखा बारीक ओरखडा बऱ्याचदा दिसतो. तो गोळीबारात पडत नाही, सफाईनंतर जोडताना पडतो. ब्लूइंगचा, म्हणजे पोलादावरच्या निळसर-काळ्या लेपाचा, थर इतका पातळ असतो की एकदा खरवडला की खालचं पोलाद चमकत राहतं.

कारण रचनेत आहे. स्लाइड स्टॉपची पिन फ्रेममधून आणि बॅरलखालच्या लिंकमधून (छोट्या हलत्या दुव्यातून) आरपार जाते. ती आत सरकताना खटक्याच्या मागच्या टोकाला स्प्रिंगवरचा छोटा प्लंजर (दांडी) आडवा येतो. त्याला हटवायला लोक खटका खालून वर जोर लावून फिरवतात आणि त्याचं टोक फ्रेम घासत जातं. म्हणून खटका फिरवायचा नाही. प्लंजर वेगळ्या वस्तूने मागे दाबायचा.

आधी मॅगझिन काढलेलं आहे आणि बॅरलचं चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. काडतुसं त्या खोलीतही नकोत. टेबलावर मऊ कापड अंथरा. स्लाइड स्टॉपखालच्या फ्रेमवर मास्किंग टेपचे दोन थर चिकटवा, पण पिनचं भोक आणि प्लंजर मोकळा ठेवा.

स्लाइडमध्ये बॅरल, रिकॉइल स्प्रिंग आणि ती धरणारा गाइड बसवा. बुशिंग (बॅरलच्या तोंडाभोवतीची कडी) बाजूला वळवलेलं असू द्या. पुढचा प्लग (स्प्रिंगच्या टोकावरचं टोपण) आत्ता लावायचा नाही. हे फार महत्त्वाचं, कारण स्प्रिंगचा ताण नसला की स्लाइड हवी तिथे स्थिर राहते. लिंक तोंडाकडे कलती ठेवून स्लाइड उलटी धरा आणि फ्रेम तिच्यावर सरकवा. लिंकचं भोक फ्रेमच्या भोकासमोर आलं की पिन घाला. बॅरल किंचित हलवून पाहा. पिन लिंकमधून गेली नसेल तर पुढे जाऊच नका.

आता स्लाइडवरची मागची, छोटी अर्धगोल खाच खटक्याच्या वरच्या टोकासमोर आणा. खटका जवळजवळ आडवा, म्हणजे शेवटी बसेल त्याच रेषेत धरा. दुसऱ्या हाताने जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कोपऱ्याने प्लंजर त्याच्या नळीत मागे दाबा आणि अंगठ्याने खटका सरळ आत ढकला. स्क्रूड्रायव्हर मुळीच वापरू नका. टिक आवाज आला की बसला. अडला तर पिन थोडी बाहेर घेऊन पुन्हा रेषेत आणा, जोर लावू नका. काही स्लाइड स्टॉपच्या आतल्या कडेला उतार दिलेला असतो. तिथे प्लंजर आपोआप मागे जातो.

टेप काढा. प्लग अंगठ्याने दाबून बुशिंग वळवा. ही स्प्रिंग जोरात उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. शेवटी स्लाइड मागे ओढून खटका वर करा, ती अडकायला हवी. मग स्लाइड सोडा, पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून सेफ्टी लावा आणि ट्रिगर दाबून पाहा: हॅमर पडता कामा नये.