आई-वडिलांना सांगता येत नसेल तर: अल्पवयीन गर्भवतीसाठी कायदेशीर वाटा

१८ वर्षांखालील मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते. पण १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार पालक म्हणजे मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती. ते आई-वडीलच असले पाहिजेत असे नाही. मुलगी मावशीकडे राहत असेल तर मावशी सही करू शकते. अत्याचार घरातल्याच कुणी केला असेल, तेव्हा ही तरतूद फार मोलाची ठरते.

सगळ्यात आधी सोनोग्राफी करून घ्या. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे मुलीचा अंदाज बहुधा कमी निघतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचे लागते, आणि २०२१च्या नियमांत अल्पवयीन मुलींचा या वाढीव मुदतीत स्पष्ट उल्लेख आहे. त्यानंतर गर्भात गंभीर व्यंग किंवा मुलीच्या जिवाला तातडीचा धोका नसेल, तर उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. विसाव्या आठवड्याच्या पुढे गेला असाल तर दवाखाना आणि वकील दोन्ही एकाच दिवशी गाठा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मुलींना उत्पन्न न विचारता मोफत वकील देते, हेल्पलाइन १५१००.

सांभाळणारे कुणीच नसेल किंवा सही करायला कुणी तयार नसेल, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा. ते मुलीला बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी समितीपुढे, नेतात. समिती तिला बालगृहाच्या किंवा योग्य व्यक्तीच्या ताब्यात देऊ शकते, म्हणजे सांभाळ करणारी व्यक्ती कायद्याने मिळते. इथे एक अडचण आहे. समिती घरची चौकशी करते आणि त्यात आई-वडिलांशी संपर्क होऊ शकतो. म्हणून घरी कळले तर नेमका काय धोका आहे, हे पहिल्याच जबाबात सांगा आणि लिहून घ्यायला लावा.

आता पोलिसांचे. मुलीची संमती असली, मुलगा तिचा मित्र असला, तरी पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) लागू होतो आणि त्याच्या कलम १९ प्रमाणे डॉक्टरला पोलिसांना कळवावेच लागते. हे दवाखान्यात जाण्यापूर्वीच मुलीला माहीत हवे. मात्र सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास गर्भपातापुरते कळवताना डॉक्टरने तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही. ही विनंती लेखीच द्या.

‘आधी केस करा, मग बघू’ असे दवाखान्यात सर्रास ऐकवले जाते. बलात्कार झाला असला तरी गर्भपातासाठी एफआयआरची अट नाही. नकार लेखी मागा. पुष्कळदा तेवढ्यानेच सूर बदलतो. नाहीच बदलला तर वेळ न घालवता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठा. खटला लढवायचा असेल तर डॉक्टरला प्रक्रियेआधी सांगा, कारण डीएनए तपासणीसाठी गर्भाचे ऊतक जपावे लागते आणि ते फॉर्मॅलिन या रसायनात ठेवले तर डीएनए खराब होतो.

मुलीला गर्भ ठेवायचा असेल तर तिच्यावर गर्भपाताची सक्ती करता येत नाही. तिच्या संमतीविना तो करणे गंभीर गुन्हा आहे. पालक आणि मुलगी यांचे मत वेगळे असेल तर मुलीचे मत महत्त्वाचे मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटले. जन्मानंतर बाळ सांभाळणे शक्य नसेल तर ते बाल कल्याण समितीकडे सोपवता येते, आणि निर्णय फिरवायला ६० दिवस मिळतात.

मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका. गर्भ गर्भाशयात नसून गर्भनलिकेत असेल तर गोळ्या लागू पडत नाहीत आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो. आठवडे जास्त असतील तर गर्भपात अर्धवट राहतो. गोळ्या आधीच घेतल्या असतील आणि तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, ताप किंवा चक्कर असेल, तर लगेच रुग्णालयात जा आणि कोणती गोळी कधी घेतली ते खरे सांगा.