मांजराचे प्रेम कसे ओळखावे आणि त्याला प्रतिसाद कसा द्यावा

मांजर पाळणाऱ्याच्या मनात कधी ना कधी एक शंका येतेच: याचा आपल्यावर खरोखर जीव आहे, की वेळच्या वेळी खायला मिळते म्हणून ते इथे राहते? कुत्रा दारापर्यंत धावत येतो, मांजर मात्र बसल्या जागेवरून एकदा पाहते आणि पुन्हा डोळे मिटते. २०१९ साली अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मांजराची पिल्ले त्यांच्या मालकांसह अनोळखी खोलीत ठेवली, मालकांना दोन मिनिटे बाहेर पाठवले आणि ते परतल्यावर पिल्ले कशी वागतात ते पाहिले. सुमारे ६४ टक्के पिल्ले मालक दिसताच निवळली आणि त्याच्या आधाराने खोली धुंडाळू लागली. जिव्हाळा असतोच, तो ज्या हालचालींतून व्यक्त होतो त्या बारीक असतात आणि त्या वाचण्याची सवय करून घ्यावी लागते.

प्रथम संपूर्ण शरीर पाहावे

एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये. मांजर घुरघुरते म्हणजे ते आनंदात आहे असा सर्वसाधारण समज आहे आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो; परंतु जखमी, आजारी किंवा प्रसूतीच्या वेणा सोसणारे मांजरही घुरघुरते. म्हणून आवाजाबरोबर कान, डोळे, शेपटी आणि अंगाची ठेवण एकत्र पाहावी. कान पुढे वळलेले, डोळे अर्धवट मिटलेले आणि अंग सैल असेल, तर ती घुरघुर समाधानाची समजावी. कान मागे पडलेले असतील आणि शरीर आक्रसलेले असेल, तर तिचा अर्थ वेगळा आहे.

भेटीच्या क्षणी शेपटीकडे लक्ष द्यावे

आपण घरात पाऊल टाकतो तेव्हाचे पहिले अर्धे मिनिट फार बोलके असते, आणि नेमके तेव्हाच आपण चपला काढण्यात गुंतलेले असतो. त्या वेळी क्षणभर थांबावे. मांजर शेपटी काठीसारखी सरळ उभारून येत असेल, तर ते मैत्रीचे स्वागत आहे. पिल्ले आईकडे जाताना अशीच शेपटी उभारतात आणि एकमेकांशी सख्य असलेली मोठी मांजरेही तसेच करतात. पुष्कळदा शेपटीचे टोक आकड्यासारखे किंचित वळलेले असते. फार आनंद झाला असेल तर उभ्या शेपटीच्या मुळाशी बारीक थरथर दिसते. मात्र पिंजारलेली शेपटी भीतीची असते आणि डावी-उजवीकडे झटके देणारी शेपटी वैतागाची. ती आपटू लागली की हात मागे घ्यावा.

अंग घासण्याचा अर्थ समजून घ्यावा

मांजराच्या गालांवर, कपाळावर, हनुवटीवर आणि शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. ते आपल्या पोटरीला गाल घासते किंवा कपाळाने हलकी धडक देते, तेव्हा त्याचा गंध आपल्या अंगाला लागतो. आपल्याला तो जाणवत नाही, त्याला जाणवतो. यावर काही जण म्हणतात की हे प्रेम नसून केवळ मालकी हक्क सांगणे आहे. मला ते अपुरे वाटते, कारण ज्या मांजरांचे आपसात पटते तीच एकमेकांना असे अंग घासतात आणि त्यातून त्यांचा एक सामाईक गंध तयार होतो. आपल्याला त्या गंधात सामील करून घेणे म्हणजे आपल्याला आपल्यातले मानणे होय. म्हणून बाहेरून आल्यावर मांजर पुन्हा पुन्हा पायांत घोटाळू लागले, तर त्याला पायाने बाजूला सारू नये. तेवढा वेळ उभे राहावे.

डोळ्यांची मंद उघडझाप शिकून घ्यावी

माझ्या मते ही सर्वांत मोलाची पायरी आहे, कारण येथे आपण मांजराच्या भाषेत उत्तर देऊ शकतो. शत्रुत्व असलेली मांजरे एकमेकांकडे टक लावून पाहतात. याउलट, ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्यासमोर मांजर पापण्या हळूहळू खाली आणते, डोळे क्षणभर बारीक चिरेएवढे ठेवते आणि तितक्याच सावकाश उघडते.

हे करून पाहण्यासाठी मांजर निवांत बसलेले असताना त्याच्यापासून हातभर अंतरावर, शक्यतो त्याच्याच उंचीवर बसावे. चेहरा सैल ठेवावा, हसताना मिटतात तसे डोळे अर्धे मिटावेत, दोन-तीन सेकंद पूर्ण मिटावेत आणि सावकाश उघडावेत. मग नजर किंचित बाजूला वळवावी आणि वाट पाहावी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात असे दिसले की, माणसाने अशी उघडझाप केली असता मांजरेही तिला प्रतिसाद देतात, आणि अनोळखी माणसाने ती केल्यास त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे येण्याची त्यांची शक्यता वाढते. पहिल्या दिवशी उत्तर मिळाले नाही, तरी घाई करू नये.

पंजांनी मळणे, चाटणे, जवळ झोपणे

मांजर मांडीवर बसून पीठ मळावे तसे पुढचे पंजे आळीपाळीने दाबते. ही सवय दूध पिण्याच्या वयातील आहे; आईचे दूध सुटावे म्हणून पिल्लू तिचे पोट असे दाबते. मोठेपणी ते आपल्या मांडीवर तेच करते, तेव्हा त्याला पिल्लूपणाची निर्धास्तता वाटत असते. नखे रुतली तरी ओरडू नये किंवा त्याला ढकलू नये. मांडीवर जाड पांघरुणाची घडी ठेवावी. चाटणे हे आपसातील साफसफाईचेच रूप आहे. आपल्याला टेकून झोपणे हा तर मोठा विश्वास, कारण झोपलेला प्राणी असहाय असतो.

पोट उघडे टाकून लोळणे हाही विश्वासच. परंतु ते पोटाला हात लावण्याचे निमंत्रण नव्हे. पुष्कळ ओरखडे या एका गैरसमजातून उमटतात, आणि मग मांजराला लहरी ठरवले जाते.

प्रतिसाद देताना निवड मांजरावर सोपवावी

उचलून मिठीत घेणे ही माणसाची रीत आहे. मांजराकडे बोट किंवा सैल मूठ पुढे करावी आणि त्याला वास घेऊ द्यावा. त्याने स्वतःहून गाल टेकवला, तर गाल, हनुवटी आणि कानांच्या मुळाशी कुरवाळावे. पोट आणि शेपटीची बाजू टाळावी. चार-पाच सेकंदांनी हात थांबवावा. ते पुन्हा डोके पुढे करील तर पुढे चालू ठेवावे. ते मान वळवील, पाठीची कातडी थरथरवील किंवा एकाएकी स्वतःला चाटू लागेल, तर तेवढे पुरे.

त्याच्या आवाजालाही उत्तर द्यावे. मोठी मांजरे एकमेकांशी फारशी म्याऊ करीत नाहीत. हा आवाज मुख्यतः पिल्ले आईसाठी आणि मोठी मांजरे माणसांसाठी काढतात. जपानमधील संशोधनातून असे दिसले आहे की मांजरे मालकाचा आवाज आणि स्वतःचे नाव इतर आवाजांतून व शब्दांतून वेगळे ओळखतात. म्हणून नावाने, हलक्या आवाजात बोलावे.

बदल झाल्यास नोंद घ्यावी

प्रत्येक मांजराची जवळीक दाखवण्याची तऱ्हा वेगळी असते. एखादे मांडीवर कधीच येत नाही, पण आपण ज्या खोलीत जातो तिथे येऊन बसते. आपल्या मांजराची ही तऱ्हा एकदा नीट ओळखली की तिच्यातील बदल चटकन ध्यानात येतो. रोज पायांत घोटाळणारे मांजर पलंगाखाली लपू लागले, स्पर्श टाळू लागले किंवा अचानक एक क्षणही सोडेनासे झाले, तर ते रुसले आहे असे मानून थांबू नये. त्याला कुठेतरी दुखत असण्याचा संभव असतो आणि पशुवैद्यकाला वेळीच दाखवावे.