डोंगरगावातल्या कॉलेजात शिकताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं कोलोरॅडो माउंटन कॉलेज हे नाव एकाच कॉलेजचं, पण ते लेडव्हिल, ब्रेकनरिज, ॲस्पेन, स्टीमबोट स्प्रिंग्ज, ग्लेनवूड स्प्रिंग्ज अशा डोंगरगावांत विखुरलेलं आहे. १९६७ साली लेडव्हिल आणि ग्लेनवूडजवळ वर्ग सुरू झाले, बाकीचे कॅम्पस मागाहून आले. फी परवडते, वर्गात मोजकी मुलं असतात, शिक्षक नावानिशी ओळखतात. तरीही लोक इथे अडकतात, आणि बहुतेकदा त्याच त्या गोष्टींवर.

कॉलेजची यादी म्हणजे आपल्या कॅम्पसची यादी नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वेबसाइटवर अभ्यासक्रमांची लांबलचक यादी दिसते, पण ती सगळ्या कॅम्पसची मिळून असते. स्की एरिया ऑपरेशन्स, म्हणजे बर्फावरच्या स्कीची केंद्रं चालवणं, शिकायचं तर लेडव्हिल गाठायला हवं. साधे विषयसुद्धा लहान कॅम्पसवर दर सत्रात निघत नाहीत. गणिताचा पहिला भाग शरदात आणि दुसरा फक्त वसंतात असेल, तर एक सत्र हुकलं की वर्ष गेलं. मुलं कमी भरली तर जाहीर झालेला वर्गही रद्द होतो.

म्हणून पहिल्याच भेटीत ॲडव्हायझरसमोर, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या कॉलेजच्या सल्लागारासमोर, दोन वर्षांचा कागद मांडा. ‘हा विषय आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘याच कॅम्पसवर, कोणत्या सत्रात, समोरासमोर की ऑनलाइन?’ असं विचारा. प्रत्येक सत्रासाठी एक पर्यायी विषयही ठरवून ठेवा.

एफ-१ व्हिसावर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, असाल तर हे दुप्पट लागू. पदवीपूर्व विद्यार्थ्याला पूर्णवेळ म्हणून साधारण १२ क्रेडिट (विषयाचं वजन मोजायचं माप) घ्यावे लागतात आणि त्यांत ऑनलाइनचा एकच विषय, म्हणजे ३ क्रेडिट, धरला जातो. रद्द झालेल्या वर्गाच्या जागी ‘ऑनलाइन घेऊन टाकू’ म्हणालात आणि तो दुसरा ऑनलाइन विषय निघाला, तर थेट स्टेटसवर, म्हणजे देशात कायदेशीर राहण्यावरच, येतं. परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय विषय बदलू नका, सोडू तर नकाच. जोडीदाराच्या नोकरीमुळे एच-४ वर आलेल्यांना शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही आणि एकेक विषय घेतला तरी चालतो. ही मोकळीक अनेकींना ठाऊकच नसते.

उन्हाळ्यातला नकाशा हिवाळ्यात खोटा ठरतो

लेडव्हिलहून ॲस्पेन जुलैत जवळ वाटतं, कारण मधला इंडिपेंडन्स पास उघडा असतो. सुमारे १२,०९५ फुटांवरचा हा घाट हिवाळ्यात सरळ बंद होतो आणि ग्लेनवूडवरून वळसा घालून जाताना अंतर दुपटीच्या पुढे जातं. दोन कॅम्पसवर विषय घेणाऱ्यांनी वेळापत्रक जानेवारीचा रस्ता डोळ्यांसमोर ठेवून आखावं. आय-७० महामार्गावर डॉट्सेरो ते मॉरिसन या पट्ट्यात सप्टेंबर ते मे बर्फात चालणारे योग्य टायर किंवा चाकांना लावायच्या साखळ्या जवळ असाव्याच लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की गाड्या खोळंबतात. इथे बर्फामुळे तेच होतं, फक्त जास्त वेळा. परीक्षेच्या दिवशी रस्ता बंद झाला तर काय करायचं, हे शिक्षकांना सत्राच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा.

घर आणि काम

प्रवेश आधी, घर मागाहून, हा क्रम इथे चालत नाही. स्कीच्या गावांत बरीच घरं पर्यटकांना भाड्याने दिलेली असतात. उरलेल्यांसाठी स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर, हॉटेलांत काम करणाऱ्यांची झुंबड असते. वसतिगृह प्रत्येक कॅम्पसला नाही. जिथे आहे तिथे अर्ज लवकर टाका. स्वस्त घरासाठी लांब जाण्याआधी ते गाव कॉलेजच्या करक्षेत्रात, म्हणजे कॉलेजसाठी कर भरणाऱ्या भागात, येतं का, तेही पाहा. कारण त्या क्षेत्रातल्या रहिवाशांना फी सर्वांत कमी पडते.

वर्गातली निम्मी मुलं स्की रिसॉर्टवर पार्टटाइम करताना दिसतील. त्यांचं बघून एफ-१ वाल्याने तिथे हजेरी लावू नये. सत्र चालू असताना कॅम्पसवरच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. एच-४ वर वर्क परमिट नसेल तर तेही नाही.

पदवीचं नाव नीट वाचा

पुढे मोठ्या विद्यापीठात जायचं असेल तर असोसिएट ऑफ आर्ट्स किंवा सायन्स ही दोन वर्षांची पदवी घ्या. ‘अप्लाइड सायन्स’ची पदवी थेट नोकरीसाठी आखलेली असते. तिचे बरेच क्रेडिट पुढे धरले जात नाहीत.

आणि उंची

लेडव्हिल सुमारे ३,१०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने तिसऱ्या हिश्शाने कमी. पहिले काही दिवस डोकं जड होतं, झोप लागत नाही. वर्ग सुरू होण्याच्या आदल्या रात्री पोहोचू नका, चार-पाच दिवस आधी या आणि पाणी पीत राहा. डोकेदुखीबरोबर उलट्या किंवा बसल्याजागी धाप सुरू झाली, तर डॉक्टर गाठा आणि खाली उतरा.

पाणी इथे ९० अंशांच्या आसपासच उकळतं. पहिल्या आठवड्यात मी हौसेने पातेल्यात तूरडाळ लावली. दीड तास उलटला तरी दाणा दाणा वेगळा, वरण कसलं! सामानात कुकर आणा, डाळ आधी भिजत घाला आणि घरी देता त्यापेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त द्या.