एकच प्रसंग, पुन्हा पुन्हा

सिनेमा कसा घडवलाय हे समजून घ्यायचं असेल, तर तो आधी एकदा सलग, न थांबवता बघा. मग त्यातला तीनेक मिनिटांचा एकच प्रसंग निवडा. अख्खा सिनेमा एका दमात उलगडायला गेलं की हाती नुसतं कथासार उरतं.

आता आवाज बंद करा आणि प्रत्येक कटला, म्हणजे एक दृश्य तुटून दुसरं सुरू होतं तिथे, वहीत एक रेघ मारा. तीन मिनिटांत १८ शॉट (दोन कटमधले सलग तुकडे) भरले, तर सरासरी १० सेकंदांची. पण खरी गंमत सरासरीत नाही. बाकीचे आठेक सेकंदांत संपत असताना एकच शॉट ४० सेकंद का ताणलाय? तिथे चित्र थांबवा. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आहे की खाली? उजेड कुठून येतोय? पात्राभोवती मोकळी जागा किती ठेवलीय?

मग पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका. कधी कधी पुढच्या प्रसंगाचा आवाज कटच्या आधीच सुरू झालेला असतो, तो बघताना हमखास निसटतो.

घोटाळा होतो तो अर्थ लावायच्या घाईत. लाल रंग दिसला की ‘धोका’ लिहून मोकळे होऊ नका. तो आधी कुठे, कुणाच्या अंगावर होता ते शोधा. पुन्हा कुठेच सापडला नाही, तर तो मुद्दा सोडून द्या.