डीटीडीसाठी दर वेळी नेटवर कशाला पळायचं, कॅटलॉग लावा की

मागच्या पावसाळ्यात कोथरूडला घरून काम करत होतो, कडाडकन वीज चमकली, नेट गेलं आणि पाठोपाठ माझा बिल्डपण पडला. आता हा बिल्ड काय करतो, तर डिस्कवरच्या एक्सएमएल फायलींचं एचटीएमएल बनवतो, त्याला नेट हवंय कशाला? एरर बघितली तर 'फेल्ड टू लोड एक्स्टर्नल एंटिटी' आणि पुढे डब्ल्यूथ्रीसीचा, म्हणजे वेबची स्टँडर्ड्स ठरवणाऱ्या संस्थेचा, पत्ता. म्हणजे फायलीच्या डोक्यावरची डॉकटाइपची ओळ (यात डीटीडीचा, म्हणजे फायलीच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या फाइलचा, पत्ता असतो) वाचून हा पठ्ठ्या दर रनला तोच डीटीडी नेटवरून ओढत होता, घरात डब्यात जिरं असताना फोडणीला मंडईत पळण्यातला प्रकार. बरं, मी एकटाच नाही, २००८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीनेच सांगितलं होतं की असल्या फायलींसाठी त्यांच्याकडे दिवसाला १३ कोटींपर्यंत रिक्वेस्ट येतात, आणि त्या फायली वर्षानुवर्षं बदललेल्यासुद्धा नाहीत!

उपाय जुनाच आहे, एक्सएमएल कॅटलॉग, ओएसिस या स्टँडर्ड्स बनवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड, १.१ आवृत्ती २००५ ची. डॉक्युमेंटला हात लावायचा नाही, शेजारी एक छोटी फाइल ठेवायची की हा पत्ता दिसला तर कॉपी इथे आहे.

आधी डीटीडी उतरवून घ्या. एक्सएचटीएमएल १.० (एचटीएमएलचा एक्सएमएल अवतार) असेल तर सोबतच्या तीन एंटिटी फायली (खास अक्षरं-चिन्हांची नावं सांगणाऱ्या) त्याच फोल्डरमध्ये टाका, त्या विसरल्या तर पुन्हा रडगाणं सुरू. मग कॅटलॉगमध्ये 'सिस्टम' एंट्री, एकीकडे डॉकटाइपमधला पत्ता, दुसरीकडे लोकल फाइल. पत्ता अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, मी एचटीटीपीच्या जागी शहाणपणा करून एचटीटीपीएस लिहिलं आणि तासभर डोकं आपटत बसलो. अख्खा फोल्डरच वळवायचा असेल तर 'रीराइटसिस्टम', त्यात सुरुवातीचा भाग जुळला की झालं, दोन जुळले तर लांबडा जिंकतो. आणि स्टाइलशीटच्या (एक्सएमएलचं एचटीएमएल कसं करायचं ते सांगणारी फाइल) इम्पोर्टमधल्या पत्त्याला स्टँडर्डप्रमाणे 'सिस्टम' नाही, 'यूआरआय' एंट्री वेगळी लागते, इथे भलेभले फसतात.

लिनक्सवर एक्सएमएललिंट (एक्सएमएल तपासणारी कमांड) आणि एक्सएसएलटीप्रॉक (स्टाइलशीट चालवणारी) स्वतःहून ईटीसी या सिस्टम फोल्डरमधला कॅटलॉग वाचतात. आपला वेगळा असेल तर 'एक्सएमएल कॅटलॉग फाइल्स' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये त्याचा पाथ द्या, फक्त फोल्डरच्या नावात स्पेस नको कारण तिथे स्पेस म्हणजे पुढची फाइल. जावात ९ पासून सोय आतच आहे, पण बाय डिफॉल्ट स्ट्रिक्ट, एंट्री सापडली नाही की सरळ एक्सेप्शन.

शेवटी 'एक्सएमएलकॅटलॉग' कमांडला कॅटलॉग आणि पत्ता देऊन बघा, लोकल पाथ छापला तर जमलं. तरी वायफाय बंद करून एकदा बिल्ड चालवाच. मी तर स्क्रिप्टमध्ये नेटवरून काही ओढायला मनाई करणारा 'नोनेट' ऑप्शन कायमचाच टाकून ठेवलाय, कोणी गुपचूप नवा पत्ता घुसवला तर बिल्ड त्याच्याच मशीनवर पडतो, रात्री अकराला मला फोन येत नाही.