जाऊबाईंची स्लीव्ह मला का मानवली नाही: वजनाचं ऑपरेशन निवडताना या चुका टाळा

2021 साली मी वजन उतरवण्यासाठी स्लीव्ह (जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन) करून घेतली आणि 2024 साली तिचा बायपास (छोटी पिशवी करून अन्नाची वाट आतड्याकडे वळवण्याचं ऑपरेशन) करून घ्यावा लागला. दोनदा भूल, दोनदा रजा, दोनदा पैसे. पहिल्या वेळी फॉर्मवर एक गोळी लिहिली असती, तर बहुतेक एकातच भागलं असतं. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. पण या पाच वर्षांत इतक्या जणींनी फोन करून "तू कोणतं केलंस, आणि मी कोणतं करू?" असं विचारलं, की आता एकदा लिहूनच टाकते.

पहिली चूक: पित्ताला आजारात न धरणं

माझं पित्त जुनं. करपट ढेकर, छातीत जळजळ आणि रोज सकाळी अनशापोटी पँटोप्राझोलची गोळी. फॉर्मवर "सध्या चालू असलेली औषधं" या रकान्यात मी थायरॉइडची आणि बीपीची गोळी लिहिली. पित्ताची लिहिली नाही. आमच्या घरात ती गोळी मिठाच्या बरणीशेजारी असते, तिला औषध कोण म्हणतं? एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठराची तपासणी, कुणी सांगितली नाही आणि मीही मागितली नाही. मी जाताना ठरवूनच गेले होते. "जाऊबाईंची केली तीच करा."

स्लीव्हमध्ये जठराचा फुगीर भाग, म्हणजे जवळपास 75 ते 80 टक्के जठर, स्टेपल करून कापून बाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची उभी नळी. नळी अरुंद, त्यामुळे आतला दाब वाढतो आणि त्या दाबाला वाट मिळते ती वर, अन्ननलिकेत. तिथली झडप आधीच सैल असेल किंवा हायाटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं) असेल तर बघायलाच नको. दीड वर्षात मी तीन उशांवर झोपायला लागले. रात्री दोनला घशात आंबट पाणी यायचं आणि मी खोकत उठून बसायचे. वजन मात्र छान उतरलं होतं, त्यामुळे तक्रार केली की लोक म्हणायचे, "बारीक झालीस ना? मग काय हवंय अजून?"

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. फिनलंडमध्ये 240 जणांवर स्लीव्ह किंवा बायपास करून दहा वर्षांनी पाहिलं, त्याचे निकाल 2022 मध्ये आले. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला सूज किंवा जखमा सापडल्या त्या स्लीव्हवाल्यांत 31 टक्के लोकांना, बायपासवाल्यांत 7 टक्के. स्वित्झर्लंडच्या पाच वर्षांच्या अभ्यासातही आधीची जळजळ वाढलेले लोक स्लीव्हच्या गटात साधारण 32 टक्के आणि बायपासच्या गटात 6 टक्के होते.

म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एंडोस्कोपी मागून घ्या. तिच्यात सूज, मोठा हर्निया किंवा बॅरेट्स (आम्लाने अन्ननलिकेच्या अस्तरात झालेला बदल) असं काही निघालं, तर बहुतेक सर्जन बायपासकडे वळतात, कारण त्यात आम्ल तयार करणारा जठराचा मोठा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. काहीच निघालं नाही, तर स्लीव्ह उत्तम ऑपरेशन आहे. जाऊबाईंना आजतागायत साधा ढेकर नाही.

किलोंची शर्यत लावणं

"कशात जास्त उतरतं?" हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. माहितीपत्रकात "50 टक्के वजन कमी" असं दिसतं आणि 94 किलोची बाई 47 किलोची स्वप्नं बघते. तो टक्का बहुतेक वेळा जादा वजनाचा असतो, एकूण वजनाचा नव्हे. माझंच गणित मांडते. उंची 155 सेंटीमीटर. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 25 धरला तर वजन हवं 60 किलो. होतं 94. जादा वजन 34 किलो, त्याचे 50 टक्के म्हणजे 17 किलो.

आता फिनलंडचेच आकडे घ्या. दहा वर्षांनी स्लीव्हमध्ये जादा वजनाचे 43.5 टक्के उतरलेले होते, बायपासमध्ये 50.7 टक्के. माझ्या 34 किलोंवर ते लावले (ढोबळ हिशेब आहे, तिथली माणसं माझ्याहून वजनदार होती) तर सुमारे 15 आणि 17 किलो. म्हणजे दोन-अडीच किलोंचा फरक. शेजारीणबाई, जाऊबाई आणि ओपीडीतल्या बाकावरच्या बायका ज्या फरकावर तासन् तास बोलतात, तो एवढा. आणि जळजळीतला फरक 31 आणि 7 चा. निवड वजनावरून करायचीच नसते. ती बाकीच्या शरीरावरून करायची असते.

नावावरून घाबरणं

बायपास म्हटल्यावर माझ्या सासूबाई रडायलाच लागल्या. त्यांना वाटलं हृदयाचं. ते सोडलं तरी आपल्याकडे एक समज घट्ट आहे की स्लीव्ह म्हणजे छोटं आणि बायपास म्हणजे मोठं. गंमत अशी, की स्लीव्हमध्ये जठर कापून टाकतात, ते परत येत नाही. बायपासमध्ये काहीच बाहेर काढत नाहीत. वर अंड्याएवढी, 30 मिलिलिटरच्या आसपासची पिशवी करतात आणि तिला लहान आतड्याचा खालचा भाग आणून जोडतात. उरलेलं जठर आत तसंच राहतं. पण त्यातच एक गोम आहे. त्या जठरापर्यंत तोंडातून घातलेली दुर्बीण सहजी पोचत नाही. घरात कुणाला जठराचा कर्करोग झालेला असेल, तर हे सर्जनला आवर्जून सांगा.

मिनी बायपासला मिनी समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त डाचते, कारण तिचा संबंध आपल्या ताटाशी आहे. मिनी बायपासमध्ये दोनऐवजी एकच जोड असतो, ऑपरेशन लवकर उरकतं आणि नावही मिनी. आतड्याचा वगळलेला भाग मात्र मिनी नसतो, तो 150 ते 200 सेंटीमीटर किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. जितकं आतडं वगळाल तितकं लोह, कॅल्शियम, प्रथिनं आणि अ, ड यांसारखी जीवनसत्त्वं कमी शोषली जातात. फ्रान्समध्ये 2019 साली नेहमीचा बायपास आणि 200 सेंटीमीटरचा मिनी बायपास यांची तुलना झाली. दोन वर्षांनी वजनात फरक नव्हता, पण पोषणाच्या गंभीर तक्रारी मिनीच्या गटात 9 आणि दुसऱ्या गटात शून्य.

आता आपलं ताट बघा. ऑपरेशननंतर दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. वाटीभर पातळ वरणात पाच-सात ग्रॅम असतात आणि जेवण एका वाटीवर आलेलं असतं. त्यात चातुर्मास, एकादशी, संकष्टी. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट सोडलं तर सगळा स्टार्चच. तुम्ही अंडंही खात नसाल, हिमोग्लोबिन आधीच नऊवर असेल आणि वर्षानुवर्षं रक्ततपासणीला जाण्याची शिस्त नसेल, तर "माझ्यासाठी किती सेंटीमीटर वगळणार?" हे सर्जनला थेट विचारा. ड्युओडेनल स्विच आणि सादी या, आतड्याचा आणखी मोठा भाग वगळणाऱ्या ऑपरेशनांना तर हे दुप्पट लागू. वजन आणि शुगर त्यांत सर्वाधिक उतरते, पण गोळ्या आणि तपासण्या जन्मभर.

मशेरी लपवणं, गुडघ्याच्या गोळ्या विसरणं

सिगरेट ओढता का, असं विचारलं की आपल्या बायका खरंच "नाही" म्हणतात. मशेरीचं कुणी विचारत नाही, आणि सुनेसमोर विचारलं तर कोण हो म्हणणार? पण बायपासच्या जोडावर अल्सर होण्याची दोन मोठी कारणं म्हणजे तंबाखू आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. संधिवातासाठी या गोळ्या कायमच्या लागणार असतील, तर बायपासपेक्षा स्लीव्हचं पारडं जड होतं. माझ्या बाबतीत पित्त आणि गुडघे एकमेकांविरुद्ध साक्ष देत होते. शेवटी पित्त जिंकलं आणि गुडघ्यांना पॅरासिटामॉलवर समाधान मानावं लागलं.

लग्न झालेल्या तरुण मुलींसाठी आणखी एक गोष्ट: ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने गरोदरपण टाळायचं असतं, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून दुसरा उपाय आधीच ठरवून घ्या.

"शुगर जाते म्हणे"

जाते, पण सगळ्यांची नाही. डायबेटिस नवा असेल, एक-दोन गोळ्यांवर असेल तर दोन्ही ऑपरेशनांनी छान फरक पडतो. मधल्या टप्प्यात बायपास सरस ठरतो. वीस वर्षं जुना, इन्सुलिनवर असलेला डायबेटिस मात्र सहसा कशानेच पुरता जात नाही, डोस कमी होतो. किती वर्षांपासून आहे, किती औषधं आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) किती, हे तीन आकडे कागदावर लिहून न्या.

बलून आणि इंजेक्शन

बलून हे ऑपरेशन नव्हे. तो जठरात ठेवलेला फुगा, साधारण सहा महिने तिथे राहतो आणि मग काढतात. काढल्यावर वजन बरंचसं परत येतं. 2025 पासून भारतात टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शनं मिळू लागली, तेव्हापासून "आता कापाकापी कशाला" हा प्रश्न रास्तच आहे. फक्त इंजेक्शन थांबल्यावर काय, आणि महिन्याचा खर्च किती वर्षं पेलणार, याचं उत्तर आधी घरात द्या.

विमा आणि डॉक्टर एकच नियम पाळतात, असं धरणं

आपल्याकडचे सर्जन बरीच वर्षं बीएमआय 37.5, किंवा आजार असतील तर 32.5, ही रेघ मानत आले. 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी ती 27.5 पर्यंत खाली आली. विमा नियामकाच्या प्रमाणित अटीत मात्र अजून 40 आहे, किंवा 35 आणि सोबत ठरावीक आजार: हृदयविकार, तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास थांबणं), आटोक्यात नसलेला टाइप 2 डायबेटिस. माझा बीएमआय 39.1. गुडघे, बीपी, थायरॉइड. यादीत एकही नाही. क्लेम नाकारला गेला, आणि हे मला कळलं ते डिस्चार्जच्या दिवशी. पूर्वमंजुरी लेखी हातात आल्याशिवाय भरती होऊ नका.

आणि सर्जनला विचाराच: तुम्ही कोणकोणती ऑपरेशनं करता आणि वर्षाला प्रत्येकी किती? जिथे स्लीव्हच होते, तिथे सल्लाही स्लीव्हचाच मिळतो.

झाल्यावर बिनसलं तर

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. घाबरू नका, प्रथिनं आणि लोह तपासा, बहुतेक वेळा थांबतं. बायपासनंतर श्रीखंड खाऊन घाम फुटला, छाती धडधडली, तर ते डम्पिंग, म्हणजे गोड पदार्थ झपाट्याने आतड्यात उतरणं. श्रीखंड बाजूला ठेवा. बरगडीखाली उजवीकडे कळ आली तर सोनोग्राफी करा, वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात.

दोन गोष्टी मात्र घरगुती उपायांवर सोडायच्या नाहीत. बायपास झालेल्या माणसाच्या पोटात पिळवटून कळा येत असतील, अगदी पाच वर्षांनीही, तर "गॅस असेल" म्हणून ओव्यावर भागवू नका. आतडं अंतर्गत फटीत अडकलेलं असू शकतं, त्याला सीटी स्कॅन आणि सर्जन दोन्ही लागतात. दुसरी, सतत होणाऱ्या उलट्या. चार-आठ दिवस काही टिकत नसेल तर बी 1 जीवनसत्त्व संपत येऊ शकतं. अशात गावातल्या दवाखान्यात थेट ग्लुकोजची सलाईन लावली तर मेंदूला इजा होऊ शकते, आधी थायमिन, म्हणजे हेच बी 1, द्यावं लागतं. तिथल्या डॉक्टरांना हे सुचायचं तर तुमचं कोणतं ऑपरेशन झालंय ते आधी कळायला हवं, आणि "पोटाचं ऑपरेशन झालंय" एवढ्याने ते कळत नाही. ऑपरेशन नोटचा फोटो स्वतःच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. माझा सासूबाईंच्या मोबाइलमध्ये आहे. खाली त्यांनी मराठीत लिहून घेतलंय: हृदयाचा नाही, पोटाचा बायपास.